सोयगावची लाइन क्लीन आहे

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
७ ऑक्टोबर २०२५

दाऊदभाई,

सलाम. पत्र पोस्टाने आलंय म्हणून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. सगळे जिवंत आहेत आणि सगळ्यांचे गुडघे दुखतायत.

सगळा जन्म तार आणि टेलिफोन खात्यात गेला, आणि आज मी पोस्टात रांगेत उभी राहून आंतर्देशीय पत्र मागत होते. काउंटरवरच्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. करणार काय? तुमचा मोबाइल बंद. सोयगावच्या घरची लँडलाइन नुसती वाजत राहते. ग्रुपवर तुम्ही बाहेर पडल्याची करडी ओळ दिसते. ज्या माणसाने मला तारेचं यंत्र वाजवायला शिकवलं त्याला मी पोस्टाने गाठतेय, ही गोष्ट कुणाला सांगायचीही लाज वाटते.

प्रेरणाच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला होते, म्हणून आपल्या निवृत्तांचा सप्टेंबरचा मेळावा चुकला. मुलगी झाली. तुम्ही ग्रुपवर असता तर नुसता 'सहा' टाकला असता. आपल्या मंडळींनी टाकलेच, आणि जावई घाबरला, हे सगळे सहा सहा काय लिहितायत? मग त्याला समजावून सांगितलं की तार ऑफिसात शुभेच्छांना नंबर असायचे. गिऱ्हाइकाने फॉर्मवर फक्त आकडा लिहायचा. एक म्हणजे दिवाळी, दोन म्हणजे ईद, सहा म्हणजे घरात बाळ आलं, आठ म्हणजे लग्न, आणि तेरा म्हणजे तुमच्या शुभेच्छा पोचल्या, मनापासून आभार. जावई म्हणाला, म्हणजे इमोजीच की. मी म्हटलं, हो, पण आमच्या वेळी त्याला तिकीट लागायचं.

आता मुद्द्यावर येते. त्या सप्टेंबरच्या रविवारी काय झालं, ते मला जितक्या लोकांनी सांगितलं तितक्या परींनी सांगितलं. सगळ्यांत जुळतं ते इतकंच: गारखेड्याच्या बागेत नेहमीसारखे पोहे झाले, तुम्ही नेहमीसारखे महिन्याच्या बातम्या वाचायला उभे राहिलात. राजकुमारच्या गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी झालं असं वाचलंत. राजकुमार समोरच बसलेला. तो ओरडला, "अहो, अजून व्हायचंय, पुढच्या मंगळवारी आहे!" तुम्ही वाचतच राहिलात, डॉक्टरांचे आभार वगैरे. लोक हसले. कडुबा म्हणाला, "दाऊदभाई, दम घ्या, पेशंट काय म्हणतोय ऐका." तुम्ही राजकुमारला दीर्घायुष्य चिंतलंत. लोक आणखी हसले. मग तुम्ही मान वर केलीत, सगळ्यांकडे पाहिलंत, कागदाची घडी केलीत, खिशात घातलीत आणि निघून गेलात. आठवड्याभरात इथलं घर बंद करून भाभींना घेऊन सोयगावला गेल्याचंही कळलं.

एवढ्यावरून? दाऊदभाई, आपल्या बदल्यांच्या काळात तुम्ही साहेबांच्या शिव्या हसत खाल्ल्यात, आणि कडुबाच्या थट्टेवर गाव सोडलंत?

या महिन्यात बातम्या कडुबाने वाचल्या. सूचना फलक वाचावा तशा. दोघांना झोप लागली. मल्हारीच्या शेळीला दोन करडं झाली ती बातमी त्याने गाळली, म्हणून मल्हारी पोहे अर्धे टाकून उठला. तुम्ही असता तर करडांची नावंसुद्धा सांगितली असतीत. तुमच्या बातम्यांशिवाय मेळावा म्हणजे नुसती औषधांची चर्चा आहे. परत या.

उत्तर पाठवा. भाभींना सलाम, तुमच्या लाडक्या नातीला, कहकशाला आशीर्वाद. तिचं कॉलेज कसं चाललंय?

तुमची शिष्या,
सुकेशनी


पुंडलिकनगर
२७ ऑक्टोबर २०२५

दाऊदभाई,

कार्ड पोचलं. चार ओळींचं. त्यातल्या दोन ओळी सोयगावच्या कापसाविषयी, एक "प्रकृती ठीक", आणि एक "मेळाव्यास येणे जमणार नाही". खाली कोपऱ्यात नुसता आकडा: एक. वाचून मी एकटीच हसले. घ्या मग, माझ्याकडून तेरा.

पण कार्डाने मला चक्रावून सोडलं. रुसलेला माणूस दिवाळीच्या शुभेच्छा पाठवत नाही. अक्षर तेच, ताठ आणि टोकदार, 'सुकेशनीबाई' हाक तीच. मग फोन का नाही उचलत? पत्राला उत्तर देता, फोनला देत नाही, हा कुठला न्याय?

हाच प्रश्न मी दिवाळीच्या फराळाला मल्हारीपुढे टाकला. चूक झाली. तुम्हाला माहीतच आहे, निवृत्त लाइनमनपुढे "फोन लागत नाही" हे शब्द काढायचे नसतात. चकली तशीच हातात धरून तो म्हणाला, "बाई, हे रुसवं-फुगवं काय नाय. लाइनीत फॉल्ट हाय. घंटी आपल्याला वाजल्यावानी वाटती, तिकडं वाजतच नसंल. म्या जातो."

त्याच्या घरच्या दगडाबाई म्हणाल्या, "कुठं जाता? खात्यानं कवाच घरी बसवलंय तुमाला."

"माणसाला बसवलंय. पक्कड नाय बसवली."

तेव्हा सावध राहा. त्याने टेस्टिंगचा फोन आणि कमरेचा पट्टा माळ्यावरून काढून झाडून ठेवलाय. खांबावर चढायचं नाही अशी शपथ दगडाबाईंनी घातली आहे. तो हो म्हणाला, पण मला त्याचा भरवसा नाही.

दुसरी बातमी, मागच्या पत्रात राहिलेली: राजकुमारचा उजवा गुडघा झाला. आता खरोखर यशस्वी. तो म्हणतो, दाऊदभाईंनी आधीच जाहीर केलं होतं, म्हणून डॉक्टरला नापास व्हायची सोयच राहिली नव्हती.

सुकेशनी


पुंडलिकनगर
११ नोव्हेंबर २०२५

दाऊदभाई,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय. सरळच विचारते, पण आधी काय झालं ते ऐका.

मल्हारी सोयगावला येऊन गेला. तुम्हाला कळलंही नसेल, कारण तो घरात आला नाही. रविवारच्या मेळाव्यात त्याने उभं राहून रिपोर्ट दिला, अगदी जुन्या साहेबापुढे द्यावा तसा.

"खांबापासून घरापातूर तार बघितली. कुठं गंज नाय, कुठं तुटलेली नाय. मंग खिडकीपाशी हुबं राहून माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. घंटी वाजली. लई खणखणीत, पार रस्त्यावर ऐकू येत व्हती. भाभी बाजारात गेल्याल्या. दाऊदभाई खुर्चीत बसून पेपर वाचत व्हते. फोन हाताशी. उचलला नाय. म्या पुन्ना लावला. पान उलटलं, पन फोन उचलला नाय. सोयगावची लाइन क्लीन हाय. फॉल्ट माणसात हाय."

"अरे, मग आत का नाही गेलास?" मी विचारलं.

"ज्यानं माझा फोन उचलला नाय त्याच्या घरी च्या प्यायचा व्हय?" असं म्हणून तो खाली बसला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. तुमच्या आणि त्याच्या दोस्तीत एवढं अंतर त्याला कधी सोसलेलं नाही.

मग काय, कडुबाला तोंडच फुटलं. दाऊदभाईंना गर्व चढला, आपण त्यांच्या लेखी कुणी नाही, यापुढे त्यांच्या दारात जायचं नाही. ठरावच मांडायला निघाला होता. मी त्याला सांगितलं की आपली संघटना नाही, पोह्यांची मंडळी आहे, ठराव कुठे लिहिणार, पोह्याच्या प्लेटवर?

घरी येऊन मेथी निवडायला बसले. डोक्यात मल्हारीचं एकच वाक्य फिरत होतं: पान उलटलं. घंटी शेजारी खणखणते आहे आणि माणूस शांतपणे पान उलटतो. राग आलेला माणूस असं करत नाही. राग आलेला माणूस फोनकडे निदान एकदा रोखून बघतो. मग राजकुमार आठवला, समोर बसून ओरडणारा, आणि तुम्ही वाचतच राहिलेले. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. आम्ही अख्खं खातं तुमची तार तपासत बसलो. लाइन तपासायची हीच आमची अक्कल. ऐकणाऱ्या टोकाला काय झालं असेल, हे एकाच्याही मनात आलं नाही.

दाऊदभाई, तुम्हाला ऐकू येतं का?

रागवायचं तर रागवा. पण उत्तर द्या.

सुकेशनी


पुंडलिकनगर
२ डिसेंबर २०२५

दाऊदभाई,

तुमचं पत्र आलं. पहिलीच ओळ, "माझ्या कानांची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?" ती वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढे रागावलात, म्हणजे बरोबर नंबर लागला.

पुढचं मात्र बरं वाटण्यासारखं नव्हतं. एक कान दोन वर्षांपूर्वीच गेला, दुसरा या पावसाळ्यात. मशीन आणलं ते खणात पडून आहे, कारण त्यातून भांडी ऐकू येतात, माणसं नाही. फोन उचलायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही, अशी शमशादभाभींना आणि कहकशाला शपथ घातलीत. आणि मग ते वाक्य, जे मला पाठ झालंय: "लोक का हसत आहेत हे ज्याला कळत नाही, त्याने लोकांत बसू नये." ते वाचून मी रडले. तुम्हाला आवडणार नाही, पण रडले.

कुणाला सांगू नका असं तुम्ही बजावलंय. नाही सांगणार. कडुबा तुम्हाला गर्विष्ठ म्हणतो तेव्हा माझ्या जिभेला फोड येतो, तरी नाही सांगणार. तुमची गोष्ट आहे, तुम्हीच सांगाल.

पण तुम्ही लोकांत बसू नये, हे मला मान्य नाही. आता माझं ऐका.

मी तार ऑफिसात लागले तेव्हाचं आठवतं? अख्ख्या हॉलमध्ये मी एकटी बाई, आणि यंत्रांचा तो कडकडाट. माझ्या टेबलावरची खटखट आणि शेजारची खटखट मला वेगळी ऐकूच यायची नाही. दुपारी मी रडकुंडीला यायचे. तुम्ही म्हणालात, "कान सोडून द्या बाई. उंगली रखो." तुम्ही तुमचं बोट यंत्राच्या दांडीवर टेकवलंत, डोळे मिटलेत, आणि अख्खी तार बोटाने वाचून दाखवलीत. कुणाच्या तरी भावाला बुलढाण्यात नोकरी लागल्याची होती. नवीन पोरांवर छाप पाडायला तुम्ही हा खेळ नेहमी करायचात. मी तो शिकले म्हणून नोकरीत टिकले.

मग मला सांगा, तुमची बोटंही गेलीत का?

मेळाव्यात मी तुमच्या शेजारी बसेन. माझं बोट तुमच्या मनगटावर. नुसतं टेकवलं की टिंब, दाबून धरलं की रेघ. कुणी काही बोललं की मी वाजवेन. सगळं नाही, तारेत लिहायचो तेवढंच, नेमकं. तुम्ही बातम्या वाचा. लोक का हसले ते तुम्हाला त्याच क्षणी कळेल, हा माझा शब्द.

नको म्हणू नका लगेच. भाभींना विचारा.

सुकेशनी


पुंडलिकनगर
५ जानेवारी २०२६

दाऊदभाई,

"बोटं विसरली आहेत," असं तुम्ही लिहिलंत. माझीही विसरली होती! म्हणून गेला महिनाभर सराव करतेय. सकाळी चहाच्या टेबलावर वर्तमानपत्रातले मथळे वाजवते, बसमध्ये पर्सवर दुकानांच्या पाट्या वाजवते, जेवताना ताटाच्या कडेवर आमटीविषयीचं मत वाजवते.

त्याचा परिणाम ऐका. सार्थकने दोन आठवडे माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि एक दिवस "सहज बाहेर जाऊ" म्हणून मला थेट मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्या मुलाला वाटलं, आईला कंपवात झाला. डॉक्टर म्हणाले, हात पुढे करा. हात स्थिर. आता टेबलावर ठेवा. ठेवला, आणि सवयीने बोट चालू झालं. डॉक्टर गंभीर. ते सार्थकला हळू आवाजात काही सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, "मी तुमचं नाव वाजवत होते, आणि त्यात एक अक्षर चुकलंय, पुन्हा वाजवू का?" डॉक्टरांनी फी घेतली नाही. त्यांचे आजोबा जालन्याला तार मास्तर होते म्हणे. सार्थक घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि आल्यावर हसत सुटला.

आता तुम्ही. कहकशाला मी पत्र लिहिलंय, तुमच्या नकळत, त्याबद्दल माफी मागणार नाही. तिने मोबाइलवर मोर्सची सगळी चिन्हं शोधून काढली आणि रोज संध्याकाळी नानांच्या हातावर वाजवते, असं तिचं उत्तर आलं. "नाना रोज मेरी दस ग़लतियाँ निकालते हैं," असंही लिहिलंय. म्हणजे बोटं विसरली नाहीत, खोटं बोललात.

यंदाचा मोठा मेळावा २५ तारखेला, रविवारी. बागेत नाही, चौका गावाच्या पुढे मल्हारीच्या पुतण्याच्या शेतात, हुरड्याला. तुमच्या वाटेवरच आहे. मल्हारी मला म्हणाला, "त्यानला बोलवू नका बाई, येणार नायत, मला लई लागंल." आणि मग जाता जाता वळून म्हणाला, "आले तर सांगा, त्यांच्यासाटी कवळी कणसं बाजूला ठिवतो."

या नाहीतर नका येऊ, असं मी लिहिणार नाही. याच. मला तुमच्याशिवाय तिथे करमत नाही, दाऊदभाई. स्पष्ट लिहिलेलं बरं, तुमच्याशी आता कुजबुजून काही चालत नाही.

सुकेशनी


पुंडलिकनगर
१ फेब्रुवारी २०२६

दाऊदभाई,

तुम्ही निघताना कागदावर लिहून दिलंत, "सगळं कळलं नाही. कोण काय म्हणालं ते सावकाश लिहा." लिहिते. चहाचा मोठा कप घेऊन बसलेय.

तुम्ही कहकशाचा हात धरून बांधावरून आलात तेव्हा कुणीच काही बोललं नाही, म्हणजे तुमचं ऐकायचं काही राहिलेलं नाही. आगटीत कणसं तडतडत होती तेवढाच आवाज. कडुबाने तोंड फिरवलं. मल्हारी गोवऱ्या सारत होता, त्याने मान वर केली नाही, पण कोवळी कणसं त्याने आधीच पळसाच्या पानावर वेगळी काढली होती हे मी पाहिलं. दगडाबाईच पुढे झाल्या. त्या तुम्हाला म्हणाल्या, "या भाऊ, लई वाळलात." मी तुम्हाला फक्त 'वाळलात' वाजवलं, तुम्ही हसलात, तेव्हा रुसलेला माणूस हसला याचं त्यांना नवल वाटलं.

मग तुम्ही खिशातून कागद काढलात. कडुबा शेजारच्याला म्हणाला, "झालं सुरू." हे मी तुम्हाला वाजवलं नव्हतं. आता सांगितलं.

पहिल्या दोन-तीन बातम्या निवांत गेल्या. माझं बोट तुमच्या मनगटावर, बाहीच्या आत. मग तुम्ही वाचलंत, "राजकुमारच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या मंगळवारी." आणि राजकुमार तिथूनच ओरडला, "रद्द झालं! डॉक्टरच पाय घसरून पडले, तेच प्लास्टरमध्ये आहेत!"

मी वाजवायला लागले. तुम्ही थांबलात. सगळे बघत होते, आता हा माणूस पुन्हा पुढे वाचणार. कडुबाच्या चेहऱ्यावर हसू तयारच होतं. आणि तुम्ही मान वर न करता, त्या तुमच्या जुन्या आवाजात म्हणालात, "ताजी दुरुस्ती. डॉक्टरच पाय मोडून बसल्यामुळे ऑपरेशन पुढे ढकलण्यात आले आहे. राजकुमारने डॉक्टरांना भेटायला नारळपाणी घेऊन जावे."

दाऊदभाई, तो हशा! झाडावरचे पोपट उडाले. राजकुमार एका पायावर उभा राहिला. आणि तुम्ही मान वर केलीत, सगळ्यांकडे पाहिलंत, आणि तुम्हीही हसलात, कारण लोक का हसतायत हे तुम्हाला माहीत होतं. तुमचा तो चेहरा मी विसरणार नाही. सप्टेंबरपासून मी त्याचीच वाट बघत होते.

मग कडुबाने माझा हात पाहिला. त्याचे शब्द असे होते: "सुकेशनीताई, नाडी बघताय का बातमीदाराची?" मी ते जसंच्या तसं वाजवलं. खरं तर वाजवावं की नाही असं क्षणभर वाटलं, पण मी शब्द दिला होता. तुम्ही कागद खाली ठेवलात आणि म्हणालात, "कान गेले माझे, कडुबा. दोन्ही. फोन वाजतो ते कळत नाही. सुकेशनीबाईंचं बोट हीच आता माझी लाइन."

त्यानंतर सगळे हसले ते पाहून तुम्ही माझ्याकडे वळलात, आणि मला त्या वेळी वाजवायला जमलं नाही, कारण मी डोळे पुसत होते. काय झालं ते आता सांगते. मल्हारी, हातात जळकं कणीस घेऊन, उभा राहून ओरडला, "म्हंजी सोयगावची लाइन क्लीन व्हती! म्या बोललो व्हतो का नाय?" त्यावर हसले सगळे. तो पुढे असंही म्हणाला, "फॉल्ट माणसात नव्हता. फॉल्ट माझ्यात व्हता, म्या खिडकीतून मागं फिरलो." मग तो येऊन तुमच्या गळ्यात पडला, ते तुम्ही पाहिलंतच. त्याने तुमच्या कानाशी तोंड नेऊन बरंच काही सांगितलं. कान गेल्याचं आत्ताच ऐकूनही त्याने कानातच सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. ते तुमचं तुम्ही विचारा.

कडुबाचं सांगायचं राहिलं. तुम्ही हुरडा खात होतात तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, मला शिकवा हे. दोन-चार अक्षरं तरी." मी म्हटलं, कशाला? तर म्हणाला, "माफी मागायला किती अक्षरं लागतात?" तो आता रोज संध्याकाळी येतो. त्याचा हात भयंकर जड आहे, टिंबसुद्धा रेघेसारखं वाजवतो. तुमच्या मनगटाला तेल लावून ठेवा.

तुम्ही गेल्यावर मल्हारीने जाहीर केलं की ऑक्टोबरात राहिलेली करडांची बातमी पुढच्या मेळाव्यात पहिली यावी. ती आता करडं राहिली नाहीत, पण बातमी ती बातमी. नावं विचारून ठेवली आहेत, कहकशाला कळवते.

आणि आता शेवटची गोष्ट. गाडीत बसताना तुम्ही माझं मनगट धरलंत आणि वाजवायला लागलात. मला वाटलं, आता तेरा येणार. मनापासून आभार. एक टिंब, चार रेघा, एकचा आकडा आला, अगदी सफाईदार, जुन्या हाताचा. आणि मग तुमचं बोट थांबलं. तुम्ही डोळे पुसलेत, कहकशाने दार लावलं, गाडी निघाली. तीन आलाच नाही.

म्हणजे तार ऑफिसच्या नियमाने मला नुसता एक मिळाला. चौक्याच्या शेतात, भर थंडीत, हुरड्याच्या धुरात, तुम्ही मला दिवाळीच्या शुभेच्छा देऊन गेलात. मी तशाच हसत घरी आले, आणि सार्थकने विचारलं तेव्हा सांगितलं की आज दिवाळी झाली.

पण अर्धी तार मी स्वीकारत नाही, हे तुम्हीच शिकवलंय. तीन अजून यायचा आहे. येत्या रविवारी गारखेड्याच्या बागेत, मी बाही वर करून बसलेली असेन.

सुकेशनी